बाप्तिस्म्याच्या टाकीतलं पाणी

चुनखडीच्या दगडावर ज्याचा आंधळा भरवसा बसला, तो ड्रिलर होऊ शकत नाही. मी उभी नोकरी या दगडाला भोकं पाडण्यात घालवली. त्यामुळे कोणी मला म्हणालं की आमचं घर पक्क्या खडकावर आहे, तर मी आधी त्याच्या तोंडाकडे बघतो आणि मग त्याच्या पायाखाली.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. भिलाईच्या भट्टीत लोखंड करायचं तर खनिज आणि कोळशाबरोबर चुनखडीही घालावी लागते. लोखंडातली घाण ती ओढून घेते. ही चुनखडी आमच्या भागात जमिनीखाली पसरलेली आहे, वर हातभर मुरूम आणि खाली ती. तिला सुरुंग लावून फोडतात, आणि सुरुंगाआधी भोकं पाडावी लागतात. ते काम आमचं. पुढे ड्रिल मशीन, मागे तिला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर. हवेच्या जोरानं दगडाची पांढरी भुकटी भोकातून वर उडायची आणि संध्याकाळी आमच्या बायका आम्हाला अंगणातच उभं करायच्या.

आता यातली खोच ऐका. चुनखडी पाण्यात विरघळते. एका पावसाळ्यात नाही, पण पाणी भेगांतून मुरत राहिलं की तिला आतून पोखरतं. वरून बघाल तर सपाट, टणक, नाचा हवं तर. आत पोकळी, कधी रिकामी, कधी तांबड्या चिखलानं भरलेली. ड्रिल सुरळीत चाललेलं असतं आणि एकदम रॉड हातभर खाली पडतो, भुकटी बंद होते. अशा भोकात आम्ही काडीला लाल चिंधी बांधून खोचायचो. कारण सुरुंगवाल्यानं न बघता तिथे दारू भरली, तर ती पोकळीत जाऊन साचते आणि मग दगड थेट गावावर जातात. लाल चिंधी दिसत असताना दारू भरणारा माणूस मी खदानीत एकही पाहिला नाही. खदानीबाहेर मात्र पुष्कळ पाहिले, आणि त्यातले बरेच शिकलेले होते.

रिटायर झाल्यावर लोक मला बोअरसाठी बोलवायला लागले. मी राहतो दुर्गला, मोहन नगरात. आमच्याच गल्लीतल्या एका डॉक्टरांनी आधी तळहातावर नारळ ठेवून पाणी शोधणारा माणूस आणला. नारळ उभा राहिला, तिथे बोअर मारला, फुफाटा निघाला. मला बोलावून डॉक्टर काय म्हणाले असतील? "मेश्रामजी, नारळ जुना होता वाटतं." एका मोठ्या साहेबांना बोअर ईशान्येलाच हवा होता. ईशान्येला भिंतीपलीकडे शेजाऱ्याच्या संडासाची टाकी. पण दिशा शुभ! हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कोणाला वाटायला नको की मेश्राम एकाच धर्मावर घसरला. माझा राग सर्वांना सारखाच वाटून दिलेला आहे.

आता योहानबद्दल. योहान साळवे, मूळचा अचलपूरकडचा, तीन पिढ्यांचा ख्रिस्ती. मी ड्रिलवर, तो कॉम्प्रेसरवर, अशी आमची जोडी. त्याचे कान म्हणजे काय सांगू! रॉड पोकळीत शिरला की हवेचा दाब पडतो आणि कॉम्प्रेसरचा सूर बदलतो. माझ्या हाताला झटका बसायच्या आधी तिकडे योहानची मान वाकडी व्हायची आणि तो हात वर करायचा. सुरुंग उडाल्यावर कडा पक्का राहिला का हे बघायलाही त्यालाच पाठवत. लोखंडी सब्बलीनं, म्हणजे पहारीनं, दगड ठोकायचा आणि ऐकायचं. टण् वाजला तर खाली उभं राहा, भद्द वाजला तर पळ. माझा जीव मी कित्येकदा त्याच्या कानांवर सोपवला.

त्याचं जुनं चर्च शहाणं होतं. तिथले म्हातारे पाद्री रविवारी बायबल वाचायचे आणि सोमवारी तापानं फणफणलेल्या माणसाला स्वतः स्कूटरवर बसवून दवाखान्यात न्यायचे. जग सहा दिवसांत झालं का, असं एकदा मी मुद्दाम खोडी काढायला विचारलं, तर म्हणाले, "तुमच्या भूगर्भवाल्या साहेबांना विचारा, मला त्यातलं कळत नाही." योहानची बायको मार्था गेली तेव्हाही तेच आले होते, आणि गप्प बसून राहिले होते. योहानला ते गप्प बसणं पुरलं नाही. त्याला कोणीतरी छातीठोक सांगायला हवं होतं की मार्था परत भेटणार. छातीठोक सांगणारे लोक कुठेही हजरच असतात.

त्यांचं नाव ब्रदर एझरा. कुठून आले विचारलं तर म्हणायचे, प्रभूने पाठवलं. नावामागे डॉक्टर लावायचे. कशाचे डॉक्टर विचारलं तर, सृष्टिविज्ञानाचे. सूट, गुळगुळीत हिंदी आणि हातात लॅपटॉप. चरोद्याला रेल्वे कॉलनीजवळ भाड्याच्या हॉलात त्यांचं व्याख्यान होतं, विज्ञान बायबलसमोर कसं हरलं यावर. योहाननं गळ घातली म्हणून मी गेलो.

अहो, काय ते व्याख्यान! पृथ्वीचं वय सहा हजार वर्षं. एक दिवसही जास्त नाही. नोहाच्या तारवात डायनासोरही होते. ते मावले कसे? तर पिल्लं घेतली होती. पडद्यावर चित्र होतं, जिराफाच्या बाजूला डायनासोरचं पिल्लू, दोघं हसून राहिले होते. हे ऐकताना रेल्वेची इंजिनं दुरुस्त करणारी माणसं माना डोलावत होती. घरचा पंखा बिघडला तर तार न तार तपासणारी माणसं! मग ब्रदर आमच्या घरात शिरले. म्हणाले, तुमच्या खदानीतली चुनखडी म्हणजे त्याच महापुराचा गाळ, एका वर्षात बसलेला.

इथे माझं डोकं सटकलं. मी उभा राहिलो.

आमच्या खदानीच्या एका जुन्या भिंतीत वाळलेल्या चिखलाच्या भेगा आहेत. तळं आटल्यावर उन्हानं पडतात तशाच, पण दगड झालेल्या. आमचे भूगर्भवाले साहेब नव्या माणसाला आधी तिथे नेऊन उभं करायचे. भेगांचा एक थर, त्यावर पाण्याखाली बसलेला दगड, त्यावर परत भेगा, परत दगड, अशी आख्खी भिंत. म्हणजे पाणी आलं, आटलं, ऊन पडलं, चिखल तडकला, परत पाणी आलं. साहेब म्हणायचे, याला शंभर कोटीच्या आसपास वर्षं झाली. ते आकडे सोडा, माझ्याही डोक्यात मावत नाहीत. माझा प्रश्न साधा होता, आणि तो मी हिंदीत विचारला. सगळी पृथ्वी पाण्याखाली होती ना? मग पूर चालू असताना मधात चिखल वाळला कसा?

ब्रदर हसले. तयारीचं हसू होतं ते. "अंकल, क्या आप वहाँ थे?"

हॉलभर टाळ्या.

"मैं नहीं था," मी म्हणालो. "आप भी नहीं थे. पत्थर था."

यावर कोणीच टाळी वाजवली नाही. वाक्य चांगलं होतं, मला अजूनही वाटतं.

बाहेर आल्यावर योहान माझ्यावर उखडला. "तू कावून भांडून राहिला त्याच्याशी? तुह्या बुद्धाले कोनी काही म्हटलं का?"

"अबे, तू स्वतः त्या भेगाईवर डबा ठेवून जेवला आहेस. त्या खोट्या का?"

तो थांबला. मग हळूच बोलला. "ब्रदर म्हनते, यातला एक शब्द खोटा निघाला तं सारंच खोटं. मंग मार्था भेटन हे बी खोटं. तुह्या भेगाईसाठी मी मार्थाले सोडू का?"

मी आतून संतापलो होतो. म्हाताऱ्या माणसाची मेलेली बायको ओलीस धरून त्याच्याकडून डायनासोरची पिल्लं कबूल करून घ्यायची, याला धर्म म्हणायचं का?

पुढे ब्रदरना स्वतःचा हॉल बांधायची हुक्की आली. भिलाई-3 च्या पलीकडे एका जुन्या बंद खदानीच्या काठाला जागा घेतली. योहाननं आपल्या फंडातला मोठा वाटा दिला, आणि त्या बदल्यात मार्थाच्या नावाचा एक दगड व्यासपीठाच्या पायाशी बसवायचं ठरलं. जागा तीच का? कारण बायबलात खडकावर घर बांधणाऱ्या शहाण्या माणसाची गोष्ट आहे. पूर आला, वारा सुटला, घर पडलं नाही. बरं, त्या गोष्टीचा अर्थ काय, तर ऐकलेलं आचरणात आणा. हे मला योहानच्या जुन्या पाद्रींनी सांगितलेलं. ब्रदरना अर्थ नको होता, खडक हवा होता. त्यांनी वरचा मुरूम खरवडून काढायला लावला आणि भिंती उघड्या चुनखडीवरच उभ्या केल्या. पाया नाही. खडकाला पाया कशाला?

मी योहानबरोबर जाऊन ब्रदरना हात जोडले. म्हटलं, माझ्या ओळखीच्या बोअरवाल्याची गाडी आणतो, चार कोपऱ्यांत टेस्ट बोअर मारतो, कोणी पैसा देऊ नका. खाली पोकळी आहे का ते कळेल. ब्रदर खेदानं मान हलवत म्हणाले की परमेश्वराची परीक्षा पाहू नये, असं वचनात लिहिलेलं आहे. मी म्हटलं, परमेश्वराची नाही हो, दगडाची परीक्षा घेतो. त्यांनी माझ्यासाठी तिथेच डोळे मिटून प्रार्थना केली. माझ्यासाठी! भर उन्हात! मी टोपी घालून निघून आलो.

हॉल झाला, वर पत्रे चढले. इथवर एकवेळ चाललं असतं, कारण पोकळीतला चिखल जागच्या जागी असेल तर वरचा दगड वर्षानुवर्षं तग धरतो. पण ब्रदरना टाकीही हवी होती. बाप्तिस्मा म्हणजे पाणी शिंपडणं नाही, वचनात बुडवणं लिहिलं आहे तर आख्खा माणूस बुडला पाहिजे. म्हणून व्यासपीठासमोर खडकातच छातीइतकी खोल टाकी कोरली. तिला आतून सिमेंटही लावू दिलं नाही. देवाच्या हातचा खडक असताना माणसाचं सिमेंट कशाला? शनिवारी टँकरनं टाकी भरायची, रविवारी बाप्तिस्मा.

योहाननंच एकदा चहा पिता पिता मला कौतुकानं सांगितलं. "अजबच आहे, मेश्राम. सोमवारी टाकी कोरडी ठन्न! ब्रदर म्हनते, महापुराचं पानी जमिनीखालच्या ज्या झऱ्यातून वर आलं ना, तिथीच हे वापस जाते. म्हंजे वचन खरं."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. "खालच्या अंगाले विहीर आहे का कोनाची?"

"आहे ना. गावची आहे. तिचं पानी आजकाल लाल येऊन राहिलं."

"लाल?"

"ब्रदर म्हनते, मिसर देशात नदीचं पानी रक्त झालं होतं, तसाच हा इशारा आहे."

काय म्हणावं या माणसाला! विहीर लाल झाली तरी यांच्याकडे गोष्ट तयार. मी योहानला धरून बसवलं आणि सरळ सांगितलं. टाकीतलं पाणी कुठल्या झऱ्यात बिऱ्यात जात नाही. ते खालच्या पोकळीत जातं आणि तिथला तांबडा चिखल धुऊन काढतं. तो चिखल विहिरीत निघतो आहे. दर रविवारी तुमच्या हॉलचा टेकू तुम्ही टँकर बोलावून धुऊन टाकता आहात. एक दिवस वरचा दगड खाली येणार, आणि तो रविवारच असणार, कारण वजन रविवारीच येतं.

"लाल चिंधी लागली आहे, योहान. तुले दिसत नाही का?"

"तू हासून राहिला माह्या देवावर."

"मी ब्रदरवर हासून राहिलो. देवाशी माहं काही भांडन नाही, ओळखच नाही. तू एकच काम कर. सब्बल घे, टाकीच्या बाजूनं ठोक, अन् ऐक. तुहे कान तं ब्रदरनं बनवले नाही ना?"

"देवाच्या घरात मी सब्बल घेऊन नाही जाणार." तो उठला. "अन् तू बी आता येऊ नोको माह्या घरी."

उभ्या नोकरीची जोडी चहाच्या टपरीवर अशी तुटली. मला वाईट वाटलं, आणि त्याच्यापेक्षा जास्त राग आला. मी गावच्या सरपंचाकडे गेलो. ते म्हणाले, धार्मिक मामला आहे, हात लावला की दोन्हीकडून मार. पुढे एका सरकारी कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी विचारलं, अजून पडलं तर नाही ना? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, मग?

मोठा बाप्तिस्मा होता त्या रविवारी मला घरी बसवेना. स्कूटर काढली आणि सकाळीच जाऊन हॉलच्या दारात उभा राहिलो. कोणी आत बोलावलं नाही, कोणी हाकललंही नाही. आत माणूस मावत नव्हता. बहुतेक सगळी खदानीच्या ठेकेदारीतली घरं होती, बाया, लेकरं, म्हातारे. टँकरचा पाइप टाकीत सोडलेला होता आणि पाणी काही काठाला येत नव्हतं. मला दारातून दिसत होतं की जितकं पडतं तितकंच खाली जातं. ब्रदर माइकवर सांगत होते, बघा, खालचे झरे तहानलेले आहेत.

मग गाणं सुरू झालं, ढोल, टाळ्या, सगळे पायानं ठेका धरून उड्या मारायला लागले. योहान पुढच्या रांगेत, मार्थाच्या दगडाजवळ उभा होता. आणि मी त्याची मान वाकडी झालेली पाहिली.

ती मान मी जन्मभर पाहिली होती.

तो गुडघ्यावर बसला. लोकांना वाटलं प्रार्थना करतो आहे. त्यानं तळहात जमिनीला लावला. मग बाजूचा माइकचा लोखंडी स्टँड उचलून उलटा धरला आणि फरशीसारख्या त्या दगडावर ठोकला. भिंतीकडे एकदा, टाकीकडे एकदा. मला दारातून काही ऐकू आलं नाही, ढोल चालूच होता. पण त्याचं तोंड बघूनच मला कळलं कसा आवाज आला असेल.

त्यानं दोन बोटं तोंडात घातली आणि शिट्टी मारली.

खदानीजवळ न राहिलेल्या वाचकाला ही शिट्टी सांगावी लागेल. सुरुंग लावायच्या आधी लांब शिट्ट्या होतात, एकामागून एक, दम जाईपर्यंत. त्या ऐकल्या की वस्तीतली बाई तव्यावरची पोळी तव्यावर सोडून लेकराला उचलते आणि पळते. विचार करायचा नसतो. आणि सुरुंग उडून सगळं ठीक झालं की एकच तोकडी शिट्टी होते. ती होईपर्यंत कोणी परत फिरत नाही. इथल्या लेकरांना चालायच्या आधी हे कळतं. योहानची लांब शिट्टी त्या पत्र्याखाली घुमली आणि ढोलवाल्यानं ढोल फेकला. आख्खा हॉल उठला आणि दाराकडे निघाला. ना रडारड, ना ढकलाढकली. मला बाजूला सरायलाही वेळ मिळाला नाही, गर्दीनं मला उचलून रस्त्यापलीकडे नेलं.

ब्रदर माइकवर ओरडत होते, "बैठ जाइए! यह शैतान का काम है! विश्वास रखिए!" त्यांचं बरोबरच होतं म्हणा, त्यांना ती शिट्टी कोणी शिकवली नव्हती. शेवटी आत दोघंच राहिले. योहाननं त्यांना कोटाच्या मागून धरलं आणि बैलाला गोठ्यातून काढावं तसं ओढत बाहेर आणलं. ब्रदर एका हातानं लॅपटॉप सांभाळत होते.

आवाज फार मोठा झाला नाही. आधी टाकीतलं पाणी एकदम गडप झालं, मग व्यासपीठ, मग ढोल, मग पुढची अर्धी जमीन. एक भिंत आत झुकली आणि पत्रे लोंबकळले. आतून थंड, ओल्या मातीचा वास आला. मार्थाच्या नावाचा दगड व्यासपीठाबरोबरच गेला होता.

रस्त्यापलीकडे माणसं तशीच उभी राहिली, कडेवर लेकरं घेऊन. बराच वेळ कोणी हललं नाही. मला आधी कळेना हे कशाची वाट बघतात, मग कळलं, तोकडी शिट्टी झाली नव्हती. योहान खड्ड्याकडे तोंड करून उभा होता आणि त्यानं ती मारली नाही.

मला वाटलं, आता तरी डोळे उघडतील. कसले उघडतात! पुढच्या रविवारी मांडव टाकून प्रार्थना झाली. ब्रदरनी नवी गोष्ट काढली. मोशेच्या विरुद्ध काही लोक उभे राहिले, तेव्हा जमिनीनं तोंड उघडून त्यांना गिळलं, ती. आपल्याही जमिनीनं तोंड उघडलं, म्हणाले, याचा अर्थ आपल्यात कोणीतरी शंका घेणारा आहे. देवाच्या घरात उपासना चालू असताना लोखंड ठोकून देवाची परीक्षा कोणी पाहिली? सगळ्यांनी पाहिलेलंच होतं.

योहानला बाहेर काढलं. ज्यांची लेकरं त्याच्या शिट्टीनं वाचली, त्यांनीच मांडवातून त्याच्यासाठी वाट करून दिली, बाहेर जायला. विहिरीतला चिखल, टाकीतलं पाणी, पोकळी, यांतला एक शब्द कोणी काढला नाही. हे मला समजलं तेव्हा मी घरात इतका ओरडलो की बायकोनं खिडक्या लावून घेतल्या.

आठवड्याभरात गळ्यात गमछे घातलेली चारपाच पोरं माझ्याकडे आली. म्हणाली, काका, त्या लोकांविरुद्ध तक्रार करायची आहे, तुम्ही आधीपासून सांगत होता, तुम्ही सही करा, बाकी आम्ही बघतो. बाकी काय बघणार ते त्यांच्या हातांतल्या दांड्यांवरून दिसतच होतं. मी म्हटलं, तुमच्या देवळाखालीही तोच दगड आहे, चला, आधी तिथे टेस्ट बोअर मारू. एकजण म्हणाला, देवाच्या जागेवर बोअर कसा मारता? ब्रदरचाच चुलतभाऊ शोभला असता. मी दार लावून घेतलं.

ब्रदर लवकरच दुसऱ्या गावी गेले. ऐकतो की त्यांच्या लॅपटॉपमध्ये आता आपल्या खड्ड्याचाही फोटो आहे, डायनासोरच्या पिल्लाच्या नंतर लगेच. आमच्या मेहनतीच्या दगडाची ही शोभा.

थंडीत एका सकाळी योहान माझ्या दारात उभा. वाळला होता. चहा नको म्हणाला. "त्या भेगा दाखव," एवढंच बोलला.

"तू पाहिल्या आहेत ना बे."

"डबा खाताना पाहिल्या होत्या. आता पाहाच्या आहेत."

स्कूटरवर बसवून जुन्या खदानीत नेलं. चौकीदार ओळखीचा, त्यानं सोडलं. ती भिंत ऊन खात उभी होती. योहान तिच्यासमोर उकिडवा बसला आणि एका भेगेतून बोट फिरवत राहिला. मी मागे उभा होतो आणि जिभेवर सगळं तयार होतं. सहा हजार वर्षं, जिराफ, लॅपटॉप, तुला सांगत होतो तेव्हा ऐकलं नाहीस, सगळं. इतक्या महिन्यांचं साठवलेलं होतं.

"हा एक थर वाळाले किती लागले असन?" त्यानं विचारलं.

"एक उन्हाळा."

"अन् मंग परत पानी."

"परत पानी, परत ऊन."

त्यानं मान वर करत करत पुरी भिंत पाहिली, वरच्या मुरमापर्यंत. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तोच बोलला.

"म्हंजे त्याच्याजवळ वेळ भलताच होता, मेश्राम. त्याले काही घाई नव्हती." भेगेतली धूळ त्यानं बोटानं पुसली. "घाई ब्रदरले होती."

माझी तयारी सगळी जिभेवरच राहिली. मी देव मानत नाही, आजही मानत नाही. पण त्या भिंतीकडे मीही एकदा नव्यानं पाहिलं.

"मार्था थांबन मंग," तो म्हणाला आणि गुडघ्यांवर हात देत उठला.

मग त्यानं दोन बोटं तोंडात घातली आणि रिकाम्या खदानीत एक तोकडी शिट्टी मारली. चौकीदार दचकून चौकीबाहेर आला. आम्ही त्याला हात केला आणि स्कूटरकडे निघालो.